एम-टू की केमन? आधी चोर्ला घाट चढून बघा

गोव्यात पर्वरीला आमचं डिटेलिंगचं वर्कशॉप आहे. पीपीएफ (पेंट वाचवणारी पारदर्शक फिल्म), सिरॅमिक कोटिंग, बफिंग म्हंजे पॉलिश, आतली सफाई असली कामं करतो, त्यामुळे माझ्या खिशाला जन्मात परवडणार नाहीत अशा गाड्या माझ्या हाताखालून जातात. लोकांना वाटतं मज्जा आहे. मज्जा आहेच, खोटं कशाला बोलू. पण एक त्रासही आहे, लग्नात, बारशात, चतुर्थीला कुणाच्या घरी गेलो की कोणीतरी हमखास कोपऱ्यात गाठतो आणि विचारतो, "पात्रांव, उद्या स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटली तर कुठली घ्यावी रे?" विचारणारा स्वतः सात वर्षं जुन्या हॅचबॅकमधून आलेला असतो आणि त्याला घ्यायची नसतेच, तरी मी मनापासून उत्तर देतो आणि तोवर जेवणातली भजी संपतात. म्हणून एकदाच इथे सविस्तर लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

तीन गाड्या धरतो. बीएमडब्ल्यू एम-टू, पोर्शची ७१८ केमन आणि फोर्डची मस्टँग जीटी. याच तीन का, तर या तिन्ही माझ्याकडे नेमाने येतात आणि तिन्ही मालकांनी मला स्टिअरिंग दिलंय, नुसतं शेडमधून बाहेर काढण्यापुरतं नाही तर नीट, टाकी भरून. एम-टू फातोर्ड्याच्या एका पोराची आहे, बांधकामाचा धंदा, मॅन्युअल गिअरची मुद्दाम मागवून घेतलेली. केमन पणजीच्या एका दातांच्या डॉक्टरांची, बेस मॉडेल, २ लिटरची. आणि मस्टँग साळगावच्या एका काकांची, त्यांचं अख्खं आयुष्य बोटीवर गेलं आणि रिटायर झाल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल तर ही पिवळी गाडी घेतली. काकूंचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

आधी कागदावरचं उरकून घेऊ, कारण लोक तिथेच अडकतात. एम-टूला ३ लिटरचं सरळ सहा सिलेंडरचं इंजिन, दोन टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे), कंपनीच्या भाषेत एस-५८, म्हंजे मोठ्या एम-थ्री आणि एम-फोरमध्ये असतं तेच कुटुंब. भारतात मे २०२३ मध्ये आली तेव्हा ४६० पीएस (इंजिनची पॉवर), ५५० एनएम (टॉर्क, म्हंजे चाकं फिरवायचा जोर) आणि किंमत ९८ लाख एक्स-शोरूम, पुढे २०२४ च्या शेवटी ४८० पीएसवाली आली. ० ते १०० ऑटोमॅटिकला ४.१ सेकंद, मॅन्युअलला ४.३. केमन बिचारी २ लिटर, चार सिलेंडर, एक टर्बो, ३०० पीएस, ३८० एनएम, पीडीके म्हंजे पोर्शचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर ४.९ सेकंद, वर स्पोर्ट क्रोनो नावाचा जादा पैशांचा पॅक घेतला असेल तर ४.७. मस्टँग ५ लिटरची व्ही-८, टर्बो वगैरे भानगडच नाही, भारतात ४०१ पीएस आणि ५१५ एनएम, जुलै २०१६ मध्ये ६५ लाखांना आली होती आणि १०० ला पोचायला पाचाच्या आसपास.

म्हंजे कागदावर एम-टूपुढे केमन सपशेल हरली. वर किंमत बघितली तर अजून हरली, कारण शेवटी शेवटी बेस केमनच दीड कोटीच्या घरात गेलेली, त्यात पोर्शची ऑप्शनची यादी, जिथे साध्या साध्या गोष्टींना वेगळे पैसे. फातोर्ड्याचा पोरगा डॉक्टरांना तोंडावर म्हणतो, "डॉक्टर, एवढ्या पैशात चार सिलेंडर?" आणि डॉक्टर हसून सोडून देतात. ते का हसतात ते मला चोर्ला घाटात कळलं.

साखळी सोडली, केरी गेलं, अंजुणे धरणाचं पाणी दिसायला लागलं की खरा घाट सुरू होतो. पहाटे ट्रक आणि बेळगावची भाजी घेऊन येणारे टेम्पो सुरू व्हायच्या आत गेलात तर रस्ता तुमचा. तुमचा म्हंजे तुमचा आणि माकडांचा. रुंदी बेताची, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, वळणामागे वळण, पुढचं काही दिसत नाही, आणि मध्ये कुठेतरी गाय बसलेली असणार हे धरूनच चालवायचं. अशा रस्त्यावर ताशी ४०-५० म्हंजे पुष्कळ झाले, त्यापुढे जाणं हा शहाणपणा नाही. आता याच स्पीडमध्ये कुठली गाडी तुम्हाला काहीतरी देते, हा माझा प्रश्न आहे. ताशी २०० ला कुठली चांगली हा प्रश्न जर्मनीतल्या लोकांनी सोडवावा, आपल्याकडे तो रस्ताच नाही.

एम-टू घेऊन वर गेलो तेव्हा पहिल्या दोन-तीन वळणांत मी खूश. पुढचे टायर २७५ रुंदीचे, मागचे २८५, पकड अशी की तुम्ही कितीही वाकडंतिकडं केलं तरी गाडी म्हणते, हं, अजून काय? इंजिन तर काय सांगू, २६५० आरपीएमपासूनच पूर्ण टॉर्क हजर, ॲक्सिलरेटरला पाय लावला की ढकललं जाता. पण हळूहळू लक्षात येतं की दोन वळणांच्या मध्ये जो छोटासा सरळ तुकडा असतो तो या गाडीला पुरतच नाही, पाय दाबला की तुकडा संपला, लगेच ब्रेक, परत दाबला, परत संपला. दुसरा गिअरच शंभरच्या पलीकडे जातो, तिसऱ्याची गरजच पडत नाही, मग सहा गिअरचा मॅन्युअल डबा घेऊन करायचं काय? हौसेने मागवलेला तो लिव्हर दुसऱ्यात टाकून ठेवायचा आणि बसायचं. तो पोरगा शेजारी बसलेला, म्हणतो कसा, "मामा, मजा येतेय ना?" येत होती, पण थोडी उपाशी राहून येत होती.

केमनमध्ये इंजिन तुमच्या पाठीमागे, दोन चाकांच्या जोड्यांच्या मध्ये. पुढे बोनेटखाली नुसती डिकी. त्यामुळे नाक हलकं, आणि स्टिअरिंग जरा हललं की नाक लगेच वळतं, वाट बघत नाही. एम-टूमध्ये तुम्ही गाडीच्या मागच्या बाजूला बसून पुढचं जड इंजिन वळवताय हे जाणवत राहतं, केमन मात्र कमरेतून वळते, तुमच्याच कमरेतून. बॉक्सर इंजिन म्हंजे सिलेंडर आडवे झोपलेले, त्यामुळे वजन खाली राहतं, गाडी वळणात कलत नाही फारशी. आणि हे सगळं ताशी ४५ ला कळतं. ९० ला जायची गरज नाही. मी वर पोचलो तेव्हा स्पीडोमीटरवर दाखवण्यासारखं काहीच केलेलं नव्हतं आणि तरी हात गरम झालेले.

याचं कारण माझ्या मते एकच, वजन. केमन पीडीकेवाली १३६५ किलो, एम-टू मॅन्युअल १७०० किलो. मधला फरक ३३५ किलो. म्हंजे चार खात्यापित्या घरची माणसं कायमची पाठीवर बसवून फिरण्यासारखं आहे, आणि ती कधी उतरत नाहीत. लोक पॉवरच्या मागे लागतात कारण पॉवर ऐकायला बरी वाटते, पण पॉवर फक्त पाय दाबल्यावर उपयोगी, वजन मात्र प्रत्येक क्षणी तुमच्याशी बोलत असतं, ब्रेक मारताना, वळताना, रंबलरवरून जाताना, स्पीडब्रेकर चढताना. वजन जास्त म्हणून टायर रुंद, टायर रुंद म्हणून रिम मोठी, एवढं वजन आवरायला स्प्रिंग कडक, मग आपल्या रस्त्यावर कंबरेची वाट. एम-टूला पुढे १९ इंची आणि मागे २० इंची रिम, मागच्या टायरची साइडवॉल, म्हंजे रिम आणि रस्त्याच्या मधलं रबर, इतकी पातळ की खड्डा दिसला की आधी देव आठवतो. बेस केमनला चारी बाजूला १८ इंची, साइडवॉल चांगली जाड. डॉक्टरांनी शोरूममध्ये मोठ्या रिम घ्यायला नकार दिला तेव्हा सेल्समनचं तोंड पडलं असणार, पण गोव्यात राहणाऱ्या माणसाने घेतलेला हा सगळ्यात शहाणा निर्णय.

केमनचं नुसतं कौतुकच चाललंय असं वाटायला नको. २००० आरपीएमच्या खाली इंजिन पेंगतं, घाटात चुकीच्या गिअरमध्ये सापडलात तर टर्बो जागा होईपर्यंत एखादा क्षण जातो. गिअरही लांब लांब आहेत, दुसरा इथेही शंभरच्या पुढे जातो, म्हंजे इंजिन पूर्ण पिळून काढायची हौस आपल्या रस्त्यावर भागत नाही. आणि पीडीके कितीही हुशार असला, आहेच तो हुशार, माझ्या मनातलं माझ्या आधी ओळखतो, तरी डावा हात आणि डावा पाय रिकामेच राहतात. या एका बाबतीत एम-टू घेणाऱ्या पोराला मी मानतो. लिव्हर जरा रबरी वाटतो, क्लच म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्रास देतो, पण आजच्या काळात एवढ्या पॉवरची गाडी, सगळा जोर मागच्या चाकांवर, मॅन्युअलमध्ये, नवीन कोरी मिळते हेच मोठं आहे. केमनची चेसी आणि एम-टूचा क्लच असं कोणी करून दिलं तर मी वर्कशॉप गहाण ठेवीन. (मॅन्युअल केमन जगात होत्या हो, पण आपल्याकडे शोधून दाखवा.)

घाट सोडून हायवेला आलात की चित्र उलटं. पणजीचा अटल सेतू, नवा झुआरी पूल, मोपा विमानतळाचा लिंक रोड, काणकोणचा बायपास, हे सगळं एम-टूचं राज्य. जमिनीला चिकटून, आतमध्ये शांत, सहाव्या गिअरमध्येच ओव्हरटेक होतो, मागे दोन पोरं बसतात, ३९० लिटरची डिकी, कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला अख्खं कुटुंब घेऊन जाता येतं. केमनमध्ये दोन माणसं, बस. डिक्या मात्र दोन, पुढे १५० लिटर, मागे २७५, त्यामुळे सामान बरंच बसतं पण सासूबाई बसत नाहीत. यावर डॉक्टरांचं काय म्हणणं आहे ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

आता माझ्या धंद्याचा विषय, बिल्ड क्वालिटी. यूट्यूबवर लोक डॅशबोर्ड ठोकून बघतात आणि निकाल देतात. डॅशबोर्ड ठोकून काही कळत नाही. गाडीचं खरं रूप कळतं ते दाराचं रबर ओढून आतला पत्र्याचा जोड बघितल्यावर, लाइटखाली आडवं बघून पेंटची पातळी तपासल्यावर आणि बंपर जिथे फेंडरला भेटतो तिथे बोटाने चाचपल्यावर. पेंटची जाडी मोजायचं एक छोटं मीटर असतं, ते पत्र्यावर ठेवलं की मायक्रॉनमध्ये आकडा येतो, कंपनीचा पेंट साधारण १०० ते १५० च्या मध्ये असतो. आता एकाच गाडीवर दरवाजा, छप्पर, क्वार्टर पॅनल असं फिरून मोजलं की आकडे किती सारखे येतात त्यावरून कारखान्याची शिस्त कळते. डॉक्टरांच्या केमनवर आकडे इतके जवळजवळ येतात की वर्कशॉपमधली पोरं मीटर बिघडलं म्हणून परत परत मोजतात. ऑरेंज पील, म्हंजे संत्र्याच्या सालीसारखी पेंटवरची दाणेदार लहर, ती पण फार कमी.

एम-टूही मागे नाही. लोक उगाच नाक मुरडतात की ही जर्मनीत नाही, मेक्सिकोत बनते, सान लुइस पोतोसीला. खरंय, तिथेच बनते. पण त्याने काय बिघडलं? मी त्या गाडीचा प्रत्येक सांधा बघितलाय, बोनेटचे गॅप दोन्ही बाजूंना सारखे, दारं जड आणि बंद होताना एकच आवाज. फरक आतमध्ये आहे. एम-टूचं केबिन मुळात साध्या टू-सिरीजचं, त्यावर एम-चा साज. वर सगळं मऊ आणि छान, खाली गुडघ्याच्या उंचीला हात लावलात की साधं प्लास्टिक. तो मोठा वळवलेला स्क्रीन पहिल्या दिवशी भारी वाटतो, पण एसी कमी-जास्त करायला पण त्याच्यातच बोटं घालायची, आणि गोव्यात एप्रिल-मे महिन्यात एसी हा चालवण्याइतकाच महत्त्वाचा विषय. घामाच्या बोटांचे डाग पुसून पुसून माझी पोरं वैतागलीत. केमनचं केबिन जुनं दिसतं, बटणंच बटणं, पण प्रत्येक बटण दाबताना असं वाटतं की हे कोणीतरी बसून ठरवलंय. एकच हास्यास्पद गोष्ट म्हंजे कपहोल्डर, डॅशबोर्डमधून अलगद बाहेर येणारे दोन नाजूक हात, त्यात टपरीवरचा चहा ठेवायचा धीर होत नाही.

मस्टँगबद्दल सांभाळून लिहितो कारण काका हे वाचणार. स्विच स्टीलचे दिसतात आणि हात लावला की प्लास्टिकचे निघतात. पॅनलमधले गॅप जर्मन गाड्यांपेक्षा मोकळे, काही ठिकाणी अंमळ जास्तच मोकळे. पण ही गाडी तिच्या देशात मास्तर आणि मेकॅनिक घेतात, मिशिगनच्या फ्लॅट रॉकला धडाधड बनते, आणि इथे आयात शुल्कामुळे जवळपास दुप्पट होऊन येते, मग आपण तिच्याकडून दुप्पट क्वालिटीची अपेक्षा करतो, हा तिच्यावर अन्याय आहे. सुरक्षेच्या बाबतीत मात्र मी तिची बाजू घेणार नाही, गाड्या आपटून तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०१७ च्या सुरुवातीला हिला पाचपैकी २ तारे दिले होते, मग सुधारून आणली तेव्हा ३. एवढ्या मोठ्या गाडीला हे शोभत नाही.

आपल्याकडे मात्र बिल्ड क्वालिटीची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. तुमची गाडी स्टुटगार्टची असो की मिशिगनची, इथल्या दमट हवेत महिनाभर बंद ठेवली की सीटवर बुरशी येणार म्हंजे येणार. अल्कंटारा, म्हंजे मखमलीसारखं कापड, असेल तर जास्तच. मिरामार, कळंगुट अशा समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या गाड्यांना खारा वारा, त्याने आधी बोल्ट आणि क्लॅम्प लाल होतात, मग बाकीचं. डिचोली-साखळीकडून येणाऱ्या गाड्यांवर ती लाल धूळ बसते, कोरड्या फडक्याने पुसली की स्वर्ल मार्क, म्हंजे बारीक गोल ओरखडे, पडलेच म्हणून समजा. केमनवाल्यांना एक खास सूचना. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत हवेची तोंडं आहेत, त्यांच्या आत रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर, आणि आंबा-फणसाखाली गाडी लावणाऱ्यांच्या तिथे पानांचा गठ्ठा साचतो, त्यात खारी हवा मिसळली की धातू कुजायला वेळ लागत नाही. वर्षातून एकदा तरी बंपर काढून साफ करून घ्या. पुढच्या बोनेटखाली काचेच्या जवळ पाणी जायची भोकं असतात, ती पावसाच्या आधी मोकळी करा. इंजिन बघायचा मात्र हट्ट धरू नका, ते दिसतच नाही, मागच्या डिकीत ऑइल आणि कूलंट टाकायची दोन तोंडं तेवढी मिळतात. एम-टूच्या मालकाला वेगळी चिंता, मागचे फेंडर इतके फुगलेले की पुढच्या चाकांनी उडवलेली सगळी खडी तिथेच येऊन आपटते, तिथे २०० मायक्रॉनची फिल्म नसेल तर वर्षभरात पेंटला देवी आल्यासारखं दिसतं.

आणि फेरी. रायबंदरहून चोडणला फेरीने जायचं असेल तर तिन्ही गाड्यांना नमस्कार. ओहोटीला रॅम्पचा उतार असा काही होतो की मस्टँगचं लांब नाक आधी फेरीला मुका देतं. काकांनी एकदा मला दाखवायला म्हणून आणली होती तेव्हा फेरीवरचा माणूस हात जोडून म्हणाला, "बाब, ही गाडी इथेच ठेवा आणि चालत या."

आवाजाचं लिहायचं राहिलं. इथे मस्टँगच्या जवळपासही कोणी येत नाही. थंड इंजिन चालू झालं की साळगावच्या त्या गल्लीत कुत्री उठून उभी राहतात, चिऱ्यांच्या कुंपणातून तो घुमणारा आवाज परत येतो, आणि सत्तरीतला माणूस स्टिअरिंगमागे एकदम बारा वर्षांचा दिसायला लागतो. घाटात ही गाडी मोठी पडते, नाक कुठे संपतं ते कळत नाही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स विचार करत बसतो, १७०० किलोच्या वरचं वजन प्रत्येक वळणावर आठवण करून देतं, तरी २०१५ च्या या पिढीपासून मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हंजे प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होणारं, आलं म्हणून बरं, नाहीतर अजून नाचली असती. पण संध्याकाळी काचा खाली करून दोना पावलापर्यंत हळू हळू जायचं असेल तर या तिघांत मी मस्टँगच उचलीन, डोळे झाकून. एम-टूचा आवाज चांगला आहे पण त्यातला काही भाग स्पीकरमधून येतो हे एकदा कळलं की मन खट्टू होतं. केमनचा आवाज... डॉक्टर माफ करा, पण शेतातला पंप सुरू केल्यासारखा आहे. २०१६ मध्ये पोर्शने सहा सिलेंडर काढून चार बसवले तेव्हापासून जगभर लोक हेच रडतायत, आणि कंपनीलाही ते कळलं असावं कारण नंतर जीटीएस ४.० आणली, ४ लिटर, सहा सिलेंडर, टर्बो नाही, ४०० पीएस, ७८०० आरपीएमपर्यंत फिरणारी. ती परवडत असेल तर हे सगळं वाचायची गरजच नाही, जा आणि घ्या. म्हंजे मिळाली तर, कारण पेट्रोलवरच्या ७१८ चं उत्पादन २०२५ मध्ये बंद झालं.

बंद झालं म्हणूनच आता हिशोब बदललाय. नवीन घ्यायची तर एम-टूच उरते, आणि ज्याच्या घरात एकच गाडी मौजेची ठेवता येते, पोरं लहान आहेत, पुण्या-बेंगळुरूला जाणं-येणं आहे, वर्षातून एखादी ट्रॅक डे कोईम्बतूर नाहीतर चेन्नईला करायची हौस आहे, त्याने बिनधास्त घ्यावी, त्या पैशात तेवढं इंजिन दुसरीकडे नाही. फक्त मॅन्युअल घ्या आणि रिमची काळजी करा. मस्टँग वापरलेलीच मिळणार, फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा पार्टसाठी थांबायची तयारी आणि घरच्यांची परवानगी या दोन्ही गोष्टी असतील तरच त्या वाटेला जा. आणि ज्याला चालवायचीच हौस आहे, पहाटे उठून केरीपर्यंत जायची, वर चढायची, चोर्ल्याला चहा पिऊन परत उतरायची, आणि त्या सगळ्यात चलन येण्याइतकं काही करायचं नाही, त्याने वापरलेली बेस केमन शोधावी, १८ इंची रिमची, शक्यतो समुद्रापासून लांब ठेवलेली.

शोधताना मुंबई, पुणे, बेंगळुरू तिन्हीकडे बघा, गोव्यात हातावर मोजण्याइतक्याच. पेंट सगळीकडून मोजा, एखाद्याच पॅनलवर आकडा २५० च्या वर गेला तर तिथे काम झालंय म्हणून समजा आणि का झालं ते विचारा. चारी टायरची तारीख बघा, कमी फिरलेल्या गाडीचे टायर नक्षी शिल्लक असतानाच म्हातारे झालेले असतात. पुढच्या बंपरच्या तोंडात टॉर्च मारून कंडेन्सर बघा. कार्पेट उचलून नाक लावा, ओलसर वास आला तर विषय तिथेच संपवा. आणि एवढं सगळं जमत नसेल तर मला बरोबर न्या, मीटर माझं, टॉर्च माझी, परत येताना घाटात गाडी मी चालवणार.